त्रास काही नाही, तरी बायोप्सी कशाला?

"आता तर एवढे चांगले दिसायलेत की भाऊजी, मग परत परत पुण्याला कशाला पळताय?" हे मला जुळे सोलापुरात भाजीच्या गाड्यावर, लग्नाच्या हॉलमध्ये, नातेवाईकांच्या फोनवर, कुठेही ऐकायला मिळतं. विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. ह्यांचं हार्ट ट्रान्सप्लांट होऊन दुसरं वर्ष चालू आहे, चेहरा भरलाय, सकाळी कंबर तलावाकडे चालायला जातात, दोन जिने न थांबता चढतात, आणि ज्यांनी ह्यांना उशीवर उशी रचून बसल्या बसल्या झोपताना बघितलंय त्यांना वाटणारच की झालं आता, संपलं आजारपण. म्हणून आज सविस्तर लिहितेय, कारण ही एक गोष्ट मला जीव तोडून सांगायची आहे. नवीन हृदयावर शरीराने हल्ला सुरू केला तरी पहिले काही दिवस, कधी कधी काही आठवडे, माणसाला काहीच कळत नाही. ताप नाही, दुखणं नाही, धाप नाही. बरं वाटतंय म्हणजे बरं आहे असं ट्रान्सप्लांटमध्ये धरायचंच नसतं. म्हणूनच बायोप्सी, म्हणजे हृदयाचा बारीकसा तुकडा काढून तपासणं, आणि त्यासाठीच पुण्याच्या फेऱ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होते. हृदयाचा स्नायू पातळ होऊन हृदय मोठं झालं होतं, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, गोळ्यांनी काही वर्षं ढकलली, मग पंपिंग इतकं खाली आलं की डॉक्टरांनी यादीत नाव घालायला सांगितलं. सोलापूर हे अवयवदानासाठी पुण्याच्या झेडटीसीसीकडे, म्हणजे दान आलेले अवयव यादीप्रमाणे वाटणाऱ्या केंद्राकडे येतं, तिथून फोन आला आणि आम्ही रात्रीच निघालो. काढलेलं हृदय साधारण 4 तासांच्या आत बसवावं लागतं, त्यामुळे तिथे विचार करायला वेळ नसतो. कोणाचं हृदय होतं ते आम्हाला सांगितलेलं नाही आणि सांगतही नाहीत. त्या घरच्यांसाठी आम्ही रोज हात जोडतो, एवढंच आमच्या हातात आहे.

आता मूळ मुद्दा. शरीराला बाहेरची पेशी ओळखता येते, आणि परकी दिसली की ती मारायची हेच त्याचं काम. नवीन हृदय कितीही चांगलं असलं तरी त्याच्या पेशींवरच्या खुणा वेगळ्या असतात, त्या कधीच आपल्या होत नाहीत, दहा वर्षांनीसुद्धा. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आयुष्यभर. आमच्याकडे टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट आणि सुरुवातीला जास्त असलेलं, हळूहळू कमी केलेलं स्टेरॉइड. गोळ्या कमी पडल्या तर रिजेक्शन, म्हणजे शरीराचा नवीन हृदयावर हल्ला, जास्त झाल्या तर इन्फेक्शन, किडनीवर ताण, शुगर, हाताला थरथर. ह्या दोन कडांच्या मधे राहायचं असतं आणि आपण मधे आहोत की नाही हे आतून जाणवत नाही, मोजावंच लागतं.

हे सगळं वाचताना मी जुना इतिहासही वाचला. 3 डिसेंबर 1967 ला केपटाऊनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं माणसाचं हृदय माणसाला बसवलं, पेशंट लुई वॉशकान्स्की 18 दिवस जगले, आणि गेले ते न्यूमोनियाने, म्हणजे दाबलेल्या प्रतिकारशक्तीने. लगेच पुढच्या फेब्रुवारीत, 1968 साली, आपल्या मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी प्रयत्न केला, पेशंट काही तासच जगला. त्यानंतर जगभर खूप जणांनी ऑपरेशनं केली आणि पेशंट इतके दगावले की बहुतेक ठिकाणी बंदच करून टाकलं. टाके घालायची कला होती हो, पण रिजेक्शन कधी चालू झालं हे वेळेत कळायचं साधनच नव्हतं. तेव्हा ईसीजीच्या रेघा बुटक्या झाल्या का, हे बघून अंदाज बांधायचे. जपानमध्ये कोन्नो आणि साकाकिबारा यांनी 1962 साली शिरेतून हृदयाचा तुकडा काढायचं साधन केलं होतं, त्यावरून पुढे स्टॅनफर्डमध्ये फिलिप केव्ह्ज यांनी 1970 नंतर सुधारित बायोप्टोम, म्हणजे तुकडा तोडायचा चिमटा बनवला, आणि मग पहिल्यांदा डॉक्टरांना हल्ला दिसायला लागला. त्यानंतर 1980 च्या दशकात प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन आलं. आपल्या देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण 3 ऑगस्ट 1994 ला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलं. मला हे वाचून एकच वाटलं, की ज्या बायोप्सीला आपण कंटाळतो तिच्यासाठी आधीच्या लोकांनी जीव घातलाय.

बायोप्सी म्हणलं की लोक घाबरतात म्हणून कशी होते ते सांगते. पेशंटला कॅथलॅबमध्ये नेतात, पूर्ण भूल देत नाहीत, मानेच्या उजव्या बाजूला इंजेक्शन देऊन तेवढीच जागा बधिर करतात. तिथल्या मोठ्या शिरेतून एक नळी, त्या नळीतून लांब लवचिक तार, टोकाला अगदी बारीक चिमटा. एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत तो चिमटा हृदयाच्या उजव्या कप्प्यात जातो आणि मधल्या पडद्यातून मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा तुकडा तोडून आणतो. हे म्हणतात की दुखत नाही, पण तुकडा तुटतो तेव्हा आत कोणीतरी हलकेच ओढल्यासारखं होतं आणि दोन-चार ठोके वेडेवाकडे पडतात. एकदा सिस्टरने मला ती छोटी बाटली दाखवली होती, फॉर्मॅलिनमध्ये तळाशी बसलेले फिकट गुलाबी कण, तांदळाच्या कणीएवढेसुद्धा नाहीत. मी बराच वेळ बघत राहिले. त्या कणांवरून ठरणार होतं की पुढचे दोन आठवडे आमचे कसे जाणार.

एक तुकडा का नाही, चार-पाच का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. कपाटातल्या चादरीला कसर लागते तेव्हा सगळी चादर एकदम जात नाही, इथे एक भोक, तिथे दोन, बाकी चादर नवीकोरी, रिजेक्शनचंही तसंच असतं, ठिकठिकाणी ठिपके पडतात. एकच तुकडा घेतला आणि तो नेमका चांगल्या जागेचा आला तर रिपोर्ट फसवा. म्हणून वेगवेगळ्या जागेचे घेतात. मग पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघतात की हृदयाच्या स्नायूत पांढऱ्या पेशी घुसल्यात का आणि स्नायूची पेशी मरायला लागलीय का. त्यावरून रिपोर्टमध्ये ग्रेड देतात. 0 आर म्हणजे काही नाही. 1 आर म्हणजे सौम्य, बहुतेक वेळा गोळ्या तशाच ठेवून लक्ष ठेवतात. 2 आर म्हणजे दोन किंवा जास्त ठिकाणी नुकसान, उपचार लागतो. 3 आर म्हणजे सगळीकडे पसरलेलं, ती इमर्जन्सी. ह्याशिवाय अँटीबॉडीमुळे होणारं वेगळं रिजेक्शन असतं, त्याची खूण वेगळी, रक्तात डोनरच्या विरुद्ध अँटीबॉडी तयार झाल्यात का ते बघायची टेस्ट वेगळी, आणि उपचारही वेगळे, प्लाझ्मा बदलण्यापर्यंत.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने, मग दोन-तीन महिन्यांनी, असं साधारण वर्षभर चालतं. प्रत्येक हॉस्पिटलचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, पण सुरुवातीला दाट आणि नंतर विरळ हे सगळीकडे सारखं, कारण धोका पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त. आम्ही सुरुवातीचे महिने पुण्यातच खोली घेऊन राहिलो, हॉस्पिटलनेच सांगितलं होतं की जवळ राहा.

आणि पाचव्या महिन्यात 2 आर आला.

आम्ही तोपर्यंत सोलापूरला परत आलो होतो. ह्यांची तब्येत आजारपणानंतरची सगळ्यात चांगली होती. कडक भाकरी, शेंगा चटणी चवीने खायला लागले होते, कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर बसायचं बोलणं चालू होतं. इको चांगला, पंपिंग 60 टक्के, म्हणजे नॉर्मल. बायोप्सीच्या आदल्या रात्री सासूबाई म्हणाल्या, "ह्या वेळेस राहू दे की गं, लेकराच्या मानेला किती टोचता." हे सुद्धा म्हणाले की अगं पुढच्या महिन्यात जाऊ, आता काही होत नाहीये. मी पहाटेच्या हुतात्मा एक्स्प्रेसने त्यांना पुण्याला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन आला की ॲडमिट व्हायला या, रिपोर्ट 2 आर आहे. हे माझ्याकडे बघत होते, म्हणाले, "मला तर काहीच होईना गं." तेच तर. हृदयात दोन-तीन ठिकाणी पेशी मरत होत्या आणि माणूस गाडीत बसून चहा मागत होता.

तीन दिवस शिरेतून मोठ्या डोसचं मिथाइलप्रेडनिसोलोन दिलं, ह्याला तिथे सगळे पल्स म्हणतात. शुगर चांगलीच चढली, काही दिवस इन्सुलिन घ्यावं लागलं, झोप उडाली, चिडचिड झाली. टॅक्रोचा डोस वाढवला. साधारण दोन आठवड्यांनी परत बायोप्सी, 0 आर. ती तारीख पुढे ढकलली असती तर काय झालं असतं हे मी डॉक्टरांना विचारलं नाही, त्यांनी स्वतःच सांगितलं की त्रास सुरू झाल्यावर येतात त्यांच्यात बऱ्याचदा पंपिंग आधीच पडलेलं असतं आणि ते सगळं परत येईलच असं नाही.

मग लक्षणं बघायचीच नाहीत का, तर बघायची, रोज बघायची. आमच्या घरी वही आहे. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर वजन, मग बीपी, नाडी, ताप. वजन एका दिवसात किलोभर किंवा आठवड्यात दोन किलो वाढलं तर अंगात पाणी साठतंय का ह्याचा विचार करायचा. पायावर सूज, झोपल्यावर धाप, विनाकारण थकवा, ठोके चुकणं, लघवी कमी होणं, बीपी नेहमीपेक्षा खाली येणं, बारीक ताप, ह्यातलं काहीही असलं की त्याच दिवशी फोन. उद्या बघू म्हणायचं नाही. ताप तर 100.4 च्या वर गेला की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन, कारण तो रिजेक्शनचाही असू शकतो आणि इन्फेक्शनचाही, आणि दोन्हीचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत, एकात प्रतिकारशक्ती अजून दाबायची असते, दुसऱ्यात थोडी सैल सोडावी लागते. हे घरी बसून ठरवता येत नाही.

नाडीचं एक सांगायलाच पाहिजे. बसवलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात, त्या जोडता येत नाहीत. त्यामुळे ह्यांची नाडी नुसतं बसल्या बसल्या 95-100 असते आणि ते नॉर्मल आहे. चालायला लागलं की ती लगेच वाढत नाही, रक्तातल्या हार्मोनने हळूहळू वाढते, आणि थांबलं तरी लगेच उतरत नाही. मागे सर्दी झाली तेव्हा घराजवळच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर नाडी बघून घाबरले, मी फाईल उघडून दाखवली. म्हणून फाईल कायम सोबत. नसा कापल्याचा दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे, छातीत दुखत नाही. नवीन हृदयाच्या रक्तवाहिन्या काही वर्षांत आतून जाड होत जाऊ शकतात, तोही एक प्रकारे शरीराचा सावकाश चाललेला हल्लाच, आणि दुसऱ्या माणसाला अशा वेळी छातीत कळ येते तशी ह्यांना येईलच ह्याचा भरवसा नाही. म्हणून ठराविक काळाने अँजिओग्राफी, बहुतेक ठिकाणी वर्षातून एकदा. बायोप्सी विरळ झाली तरी ही राहतेच.

टॅक्रो लेव्हलबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे सोलापुरात घोटाळा होतो. गोळी दर 12 तासांनी, आमची सकाळी 8 आणि रात्री 8. रक्त द्यायचं ते सकाळच्या गोळीच्या आधी, म्हणजे रात्रीच्या गोळीला 12 तास झाल्यावर, रक्तात औषध सगळ्यात कमी असतं ती पातळी मोजायची असते. सुरुवातीला ती 10 ते 15 च्या आसपास ठेवतात, पुढे 5 ते 10, डॉक्टर पेशंट बघून ठरवतात. एका लॅबमधल्या मुलाने मला सांगितलं, "काकू, नाश्ता गोळी करून निवांत अकराला या, काही फरक पडत नाही." मी म्हणलं बाळा पडतो, गोळी माझ्या पर्समध्ये आहे, तू आधी रक्त घे, ट्यूबवर वेळ लिही, मग मी इथेच गोळी देते. गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा फुगून येणार, तिकडे डॉक्टर तो आकडा खरा धरून डोस कमी करणार, आणि खरी पातळी खाली गेली की रिजेक्शनला दार उघडं. तो मुलगा चांगला होता, त्याने समजून घेतलं, आता आम्ही गेलो की तोच वेळ विचारतो.

ही पातळी खाण्यापिण्याने आणि दुसऱ्या औषधांनी पण हलते. पपनस, चकोतरा बंद. डाळिंबही आम्हाला बंद सांगितलंय, काही हॉस्पिटलं चालतं म्हणतात पण आमच्या डॉक्टरांनी धोका नको म्हणलं, आणि डाळिंबाच्या जिल्ह्यात राहून, सांगोल्याच्या मामांनी दर हंगामाला पेटी पाठवलेली असताना, ते पाळणं सोपं नाहीये. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल अशांनी लेव्हल चढते, टीबीच्या रिफाम्पिसिनने धाडकन पडते. दुखण्याच्या साध्या गोळ्यांनी किडनी अडचणीत येते. उलट्या झाल्या तर गोळी पोटात राहिली की नाही कळत नाही, जुलाब झाले तर उलट लेव्हल चढू शकते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 44 ला टेकतो, तेव्हा पाणी कमी पडलं तर किडनीवर डबल मार. आणि गुळवेल. कोरोनापासून प्रत्येक घरात कोणीतरी गुळवेलाचा काढा सुचवतं, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून. अहो, ह्यांची वाढवायची नाहीच आहे. प्रेमाने आणलेला काढा परत पाठवताना वाईट वाटतं पण मी पाठवते.

पाणी उकळूनच, कारण आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही आणि साठवलेल्या टाकीचा भरवसा नाही. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत गर्दीत जात नाही, काठ्यांची मिरवणूक ओळखीच्यांच्या गच्चीवरून मास्क लावून बघतो. ह्यावर जास्त लिहीत नाही, इन्फेक्शनवर वेगळी पोस्ट करीन.

बरेच जण विचारतात की तुकडा न काढता रक्तावरून कळत नाही का. त्यावर बरंच काम झालंय. पांढऱ्या पेशींमधली जनुकं किती चालू आहेत ते मोजणारी एक टेस्ट आहे, 2010 मध्ये अमेरिकेतला 602 पेशंटचा अभ्यास छापून आला, त्यात ऑपरेशनला 6 महिने ते 5 वर्षं झालेल्या, धोका कमी असलेल्या लोकांत ती टेस्ट वापरून केलेली देखरेख नेहमीच्या बायोप्सीच्या तोडीची ठरली. दुसरी टेस्ट रक्तात तरंगणारे डोनरच्या डीएनएचे तुकडे मोजते, हृदयाच्या पेशी मरायला लागल्या की ते वाढतात. मला ही कल्पना फार आवडते, की हृदय स्वतःच रक्तातून निरोप पाठवतंय. आमच्यासाठी मात्र आज तरी इको, ईसीजी, टॅक्रो लेव्हल आणि डॉक्टर सांगतील तेव्हा बायोप्सी हाच रस्ता आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. बायोप्सीतही धोके आहेत, हृदयाला भोक पडणं, झडपेला इजा, पण अनुभवी हातात ते कमी आहेत, आणि न बघण्याचा धोका मला त्याहून मोठा वाटतो.

मागच्या आठवड्यात बार्शीहून एका ताईंचा फोन आला, त्यांच्या मुलाचं नाव आत्ताच यादीत लागलंय. कोणाकडून तरी नंबर मिळाला म्हणाल्या. ऑपरेशनबद्दल त्यांनी बरंच विचारून घेतलेलं होतं, पण नंतरच्या तपासण्यांचं कोणी नीट बोललं नव्हतं. त्यांनी विचारलं, "किती वर्षं चालतं हो हे?" मी खरं सांगितलं की आयुष्यभर, पण पहिल्या वर्षासारखं नाही, आणि निम्म्याहून जास्त लोक आता 10 वर्षांच्या पुढे जातात. त्यांना आमच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय, वजन, बीपी, नाडी, ताप, गोळीची वेळ, शेवटची लेव्हल असे रकाने. कोऑर्डिनेटरचा नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये सेव्ह करा, शाळकरी पोराच्यासुद्धा, असंही सांगितलं. कोणाला तो रकान्यांचा कागद हवा असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा, पाठवते.